रस्त्याने उठवलं तर

कंत्राटदार : मॅडम, पुढे बसा ना. मागून रस्ता कसा दिसणार?

मामा : बसू द्या त्यांना. या गाडीत रस्ता मागूनच तपासतात.

कंत्राटदार : मागून?

ताई : तसं काही नाही. मला कागद पसरायचे होते म्हणून मागे बसले. मामा, निघा तुम्ही. आधी गिरणीचा रस्ता, मग शाळेवरून बसस्थानक, मग दवाखान्याचा रस्ता, शेवटी कालवा.

मामा : साहेबांचाच क्रम. मला पाठ आहे. इतकी वर्षं चालवतोय, गाडीलाही पाठ झालाय.

कंत्राटदार : साहेब म्हणजे मॅडमचे वडील ना? मी रस्त्यांचं काम घेतलं तोवर ते निवृत्त झाले होते. नाव मात्र रोज ऐकतो. मॅडम, ते गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं. भेटायला येणार होतो. पण म्हटलं, आपल्या कंत्राटाची फाइल मॅडमच्याच टेबलावर, लोक म्हणतील लोणी लावायला गेला.

ताई : नाही आलात ते बरं केलंत.

कंत्राटदार : मलाही तेच वाटलं.

ताई : आणि आता बरोबर आहातच, तर आधीच सांगून टाकते, मनात ठेवायला नको. कंत्राटाला मुदतवाढ द्यायची की रस्ते पुन्हा नगरपालिकेनेच सांभाळायचे, हे माझ्या अहवालावर ठरणार आहे. आणि माझं मन तुमच्या बाजूचं नाही. आमच्या घरात याबद्दल पहिल्यापासून एकच मत आहे.

मामा : साहेब म्हणायचे, रस्ता हवं तर दत्तक द्या, भाड्याने देऊ नका.

कंत्राटदार : झालं. म्हणजे निकाल आधी, परीक्षा नंतर.

ताई : परीक्षा घेतेय ना. नाहीतर पंख्याखाली बसून लिहिलं असतं.

कंत्राटदार : मग हे फोटो तरी बघा. प्रत्येक खड्ड्याचे दोन, बुजवायच्या आधीचा आणि नंतरचा.

ताई : पाहिलेत सगळे. खड्ड्यांचे फोटो लग्नाच्या फोटोंसारखे असतात. सगळे सारखेच, आणि सगळ्यांत सगळं छान.

मामा : हातच्या कांकणाला आरसा कशाला? रस्ता चाकाखाली आहे की.

कंत्राटदार : मामा, ते मघाचं काय? मागून तपासतात म्हणजे?

मामा : सांगू का, ताई?

ताई : नको म्हटलं तर थांबणार आहात का?

मामा : साहेब गाडीत बसले की झोपायचे. आत्ता ताई बसल्यात तिथेच, डोकं खिडकीला टेकवून. मी आपला ठरलेल्या वेगाने चालवायचो. जिथे जाग येईल तिथे डोळे न उघडता बोट वर करायचे. मी थांबायचो, उतरून खडूने फुली मारायचो. मी परत येऊन बसेपर्यंत ते परत झोपलेले.

कंत्राटदार : आणि जागच आली नाही तर?

मामा : तर रस्ता पास. कागदावर लिहायचे, 'रस्ता समाधानकारक.' मला म्हणायचे, 'झोप छान झाली.'

कंत्राटदार : ही कसली तपासणी? लोक म्हणत असतील, साहेब कामावर झोपा काढतात.

ताई : म्हणायचेच. वरपर्यंत तक्रार गेली होती. बाबांनी उत्तर धाडलं, डोळा फसतो, पाठ फसत नाही. मग वरचे मोठे साहेब स्वतः बघायला आले.

कंत्राटदार : आणि?

ताई : गिरणीपर्यंत तेच घोरायला लागले.

मामा : एवढे घोरले की साहेबांची झोप मोडली. आमच्या तपासणीत रस्त्यावाचून जाग आली ती तेवढीच.

कंत्राटदार : मग आज मॅडमही तसंच...

ताई : नाही. मी उघड्या डोळ्यांनी तपासणार आहे. मला झोप येत नाही.

मामा : रात्रीचीही येत नाही. साहेब गेल्यापासून यांच्या खोलीतला दिवा विझत नाही, वहिनी सांगत होत्या.

ताई : आईने हेही सांगितलं तुम्हाला?

मामा : मग कुणाला सांगणार? तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणता, वाचत होते.

ताई : वाचतच असते.

मामा : हो. पुस्तक उलटं नसतं एवढंच.

ताई : मामा, समोर बघा.

मामा : बघतोय. या गाडीत तुम्ही आज पहिल्यांदाच बसलात, नाही का?

कंत्राटदार : काय सांगता? साहेबांची मुलगी, आणि पहिल्यांदा?

ताई : सरकारी गाडी सरकारी कामाला. मी दप्तर घेऊन शाळेतून चालत यायचे. मागून गाडी यायची. बाबा काच खाली करून विचारायचे, 'आज काय शिकवलं?' मी सांगायचे. ते 'छान' म्हणायचे, काच वर, गाडी पुढे.

मामा : मी एकदा म्हटलं, साहेब, बसवा ना पोरीला, एवढी जागा रिकामी आहे. तर म्हणाले, 'तिला बसवलं तर गप्पा मारत बसेन. मग झोप कोण काढणार?'

ताई : हे मला माहीत नव्हतं.

मामा : आता शाळा मागे गेली, बसस्थानक...

ताई : थांबा. काय होतं ते?

कंत्राटदार : कुठे काय?

ताई : मामा, जरा मागे घ्या. हा बघा, हा आडवा पट्टा. खाली बसलाय.

कंत्राटदार : हां, हा होय. मॅडम, हे आमचं नाही. पाणीपुरवठ्याच्या लोकांनी पाइप टाकायला रस्ता आडवा खोदला.

ताई : खोदला त्यांनी. बुजवला कुणी?

कंत्राटदार : बुजवला... आम्ही. पण त्यांनी अशी घाई लावली होती की खालची माती दाबायला वेळच मिळाला नाही.

ताई : घाई त्यांची, डांबर तुमचं. लिहून घ्या. बसस्थानकासमोरचा पट्टा उकरून पुन्हा करायचा, तुमच्या खर्चाने. शिवाय करारात आहे तो दंड.

कंत्राटदार : एवढासा तर खळगा आहे.

मामा : दाताखाली येतो तो खडाही एवढासाच असतो.

कंत्राटदार : मामा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?

मामा : मी गाडीच्या स्प्रिंगांच्या बाजूचा.

कंत्राटदार : लिहिलं, मॅडम. दंडासकट लिहिलं.

ताई : बाकी तुमच्या ठिगळांच्या कडा मात्र सरळ आहेत. फोटोत पाहिल्या होत्या, पण मला वाटलं फोटोपुरत्या असतील.

कंत्राटदार : त्या कडांचं नाव काढू नका. त्या कडांनी माझं दिवाळं काढायचंच बाकी ठेवलंय. दुसरीकडे काय करतात? खड्डा दिसला, ओत डांबर, फिरव रोलर, चल पुढे. आमची माणसं आधी खडूने चौकोन आखणार, मग कडा उभ्या कापणार, मग आतली धूळ झाडून काढणार. घरात पाहुणे यायचे असल्यासारखं झाडतात हो. आणि मग डांबर.

ताई : आमची माणसं म्हणजे कोण?

कंत्राटदार : जुनी गँग. साहेबांचीच. पहिलं वर्षभर नगरपालिकेची माणसं कामावर ठेवायची अशी अट होती ना?

ताई : ती अट केव्हाच संपली.

कंत्राटदार : अट संपली तेव्हा मी नवी माणसं आणली होती. स्वस्तातली. महिनाभरात तेच खड्डे पुन्हा उघडले. मग गेलो जुन्यांच्या दारात. दोघांनी तर चांगलं ताटकळत ठेवलं.

ताई : त्यांना परत घेतल्याचं फाइलमध्ये कुठेच नाही.

कंत्राटदार : फाइलमध्ये काय घालू? घरात बायकोचं चालतं हे कुणी लिहून देतं का? मी मालक, मॅडम. पगार मी देतो. पण रोलरवाल्याला म्हटलं, बाबा रे, आजच्या दिवस कडा राहू दे, उशीर होतोय, तर मलाच विचारतो, 'आणि साहेब आले तर काय सांगू?'

ताई : हे कधी म्हणाला?

कंत्राटदार : नेहमीचंच आहे त्याचं.

ताई : शेवटचं कधी?

कंत्राटदार : परवा.

ताई : परवा.

कंत्राटदार : मॅडम, चुकलंच माझं. बोलायला नको होतं.

ताई : नाही, असू दे. तो म्हणतो तर म्हणू दे.

मामा : हा दवाखान्याचा रस्ता लागला. ताई, इथली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. राहिली म्हणजे, साहेबांनी सांगू दिली नाही.

ताई : सांगा.

मामा : शेवटी दवाखान्यातून त्यांना घरी आणलं ना, तेव्हा तुम्ही औषधं घ्यायला मागे राहिलात. वहिनी घरी अंथरूण घालत होत्या. मी मेव्हण्याची गाडी आणली होती.

ताई : पांढरी. हो.

मामा : साहेब मागे बसले. खिडकीपाशी. म्हणाले, 'ने आता त्या कंत्राटी रस्त्यावरून. किती हाडं जागेवर राहतात बघू.' एवढं बोलले आणि झोपले.

ताई : त्या दुखण्यात?

मामा : त्या दुखण्यात. दवाखान्यात आठवडाभर गोळ्यांनी आली नव्हती, ती झोप. आपल्या घराच्या वळणापर्यंत घोरत होते.

कंत्राटदार : माझ्या रस्त्यावर?

मामा : तुमच्याच रस्त्यावर. आणि जाग आल्यावर काय चिडले! 'मला उठवलं का नाहीस?' मी म्हटलं, साहेब, उठवायचं काम रस्त्याचं. मी ड्रायव्हर.

ताई : मग?

मामा : मग उतरताना माझा हात धरून म्हणाले, 'पोरीला सांगू नकोस. ती माझ्यासाठी ऑफिसात सगळ्यांशी भांडून बसलीय. आता मला झोप लागली हे कुठल्या तोंडाने सांगू?'

ताई : असं म्हणाले बाबा?

मामा : एक शब्द इकडचा तिकडे नाही.

ताई : 'झोप छान झाली' नाही म्हणाले?

मामा : ते नाही म्हणाले. तोंड मात्र तसंच झालं होतं.

ताई : कसं होतं?

मामा : तुम्हाला माहीत आहे की. एका गालावर काचेचा वळ, आणि केस एका बाजूला उभे.

ताई : हो. माहीत आहे.

कंत्राटदार : मॅडम, आता हा कालव्याकडचा भाग. इथे गटारांची झाकणं रस्त्याच्या खाली गेली होती, ती सगळी वर उचलून घेतली. करारात नव्हतं ते. पांढरे पट्टेही दोनदा मारलेत. हे बघितलंत का? मॅडम?

मामा : हळू बोला.

कंत्राटदार : रडतायत का?

मामा : आरशात बघा.

(यापुढे दोघेही कुजबुजत बोलतात.)

कंत्राटदार : झोपल्या.

मामा : तुमचीच फाइल मांडीवर धरून.

कंत्राटदार : या फाइलने आजवर एकाही माणसाला झोप दिली नव्हती. माझी तर पार उडवली होती. आता काय करायचं?

मामा : काही नाही. चालवत राहायचं.

कंत्राटदार : पण तो बघा ऑफिसचा फाटा आला. संध्याकाळच्या आत अहवाल द्यायचाय ना त्यांना?

मामा : ऑफिस कुठे पळून जात नाही. आणखी एक फेरी मारू.

कंत्राटदार : आणि डिझेल?

मामा : तपासणी चालू आहे. डिझेल नगरपालिकेचं.

कंत्राटदार : त्या बसस्थानकाच्या पट्ट्यावरून नको हं, मामा.

मामा : छे. बाजारामागून काढतो.

कंत्राटदार : जरा हळू घ्याल का?

मामा : वेग ठरलेला आहे. हळू घेतली तर ती लबाडी होईल.

कंत्राटदार : कंत्राटासाठी नाही म्हणत मी. झोपू दे म्हणून म्हणतो.

मामा : कळलं मला. एकदा साहेबांकडे यायला हवं होतंत तुम्ही. भांडले असते तुमच्याशी, पण बसवून भांडले असते.

कंत्राटदार : भीती वाटायची हो. रोलरवाला ज्याला एवढा घाबरतो त्याच्यापुढे मी काय उभा राहणार?

मामा : घाबरत नाही तो. त्याला सवय झालीय.

कंत्राटदार : मामा, हा ऑफिसचा रस्ता नव्हे.

मामा : नाही. घरी सोडतो त्यांना. वहिनींनाही बघू दे, पोरगी झोपलेली.

कंत्राटदार : मामा, थांबा. थांबा. मॅडमनी बोट वर केलंय.

मामा : बघितलं.

कंत्राटदार : इथे? इथे काय लागलं, मॅडम?

ताई : माहीत नाही. जाग आली.

कंत्राटदार : मी उतरून बघतो. एक मिनिट. मॅडम, देवाशपथ इथे काही नाही. ना खड्डा, ना झाकण, ना ठिगळ. हात फिरवून पाहिला, नुसता सपाट आहे. मामा, तुम्ही सांगा, चाकाला काही जाणवलं?

मामा : काही नाही. साहेबही इथेच उठायचे.

कंत्राटदार : मग इथे फुली मारली असेल तुम्ही. काय होतं इथे?

मामा : इथे कधी फुली मारली नाही.

कंत्राटदार : मला काही समजेना.

ताई : बसा गाडीत. या पुढच्या वळणावर आमचं घर आहे.

कंत्राटदार : अच्छा. म्हणजे हे लिहायचं नाही?

ताई : नाही. बसस्थानकाचा पट्टा तेवढा राहू दे. तो तुम्हाला करावाच लागेल.

कंत्राटदार : तो उद्याच उकरतो. कडा कापून करतो. आणि बाकीच्या रस्त्याचं, मॅडम?

ताई : बाकीच्या रस्त्यात मी झोपले होते.