बारा आठवड्यांनी पुन्हा या!

नाही, पण बारा आठवडे? एकदा रक्त काढलं, रोग सापडला, तरी या रक्ताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बारा आठवड्यांनी पुन्हा या, तेव्हा नक्की सांगू." अहो, उभा जन्म नामपूरच्या मार्केटात कांद्याचा व्यापार केला मी! ट्रॉलीतले चार कांदे हातात घेतो, दाबतो, की भाव फोडून मोकळा... आणि माझं रक्त दोनदा बघायचं? का? मला काय धाड भरलीय?

तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली पायापासून. डावी पोटरी सुजली, ही टम्म! आमची उज्वला म्हणाली, "अहो, नाशिकला दाखवून येऊ." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? तापाची गोळी माहीत नाही या देहाला! मुरगळला असेल. शेजारच्या चिमाजीला बोलावलं. त्यानं मोहरीचं तेल लावून असा रगडला, असा रगडला, की मी बागलाणातले सगळे देव हाका मारून जमवले... आणि चिमाजी खूश, "अण्णा, नस मोकळी व्हई ऱ्हायनी!"

मोकळी कसली? दुसऱ्या दिवशी पाय चपलेत मावेना. उज्वलानं मला गाडीत कोंबलं, आणलं नाशिकला. सोनोग्राफी केली, तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ! बाईंनी विचारलं, "चोळलं नाही ना, काका?" मी म्हटलं, छे! ...आणि अख्खी केबिन मोहरीच्या तेलानं घमघमतेय! त्या म्हणाल्या, "गाठ सुटून फुफ्फुसात गेली असती, तर आज इथे नसता तुम्ही." उज्वलानं माझा दंड घट्ट धरला. तेव्हा मात्र घाबरलो बरं का. खरंच घाबरलो.

मग रक्ताचे रिपोर्ट. काचेच्या नळीत माझं रक्त गोठायला वेळ लावतंय. मी खुशीत उडालोच! बघा, पातळ रक्त, मला काय धाड भरलीय? बाई म्हणाल्या, "नळीत उशिरा गोठतं, काका, पण अंगात भराभर गाठी करतं. रोगाशी लढणारी तुमची फौज तुमच्यावरच उलटलीय." उज्वला म्हणते, "बरोबर आहे, बाहेर गरीब गाय आणि घरात वाघ... मालकावर गेलंय रक्त!"

रोगाचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. म्हणजे पेशंटनं नाव पाठ करेपर्यंतच अर्धं आयुष्य जावं! पण बाई म्हणाल्या, "साध्या तापानंतरही रक्तात असं थोडे दिवस दिसतं, मग जातं. तोवर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्या; बारा आठवड्यांनी पुन्हा दिसलं, तर मात्र ती बहुतेक जन्मभर."

जन्मभर! मला! झालं, मी लागलो परीक्षेच्या तयारीला. कारल्याचा रस काय, मटण बंद काय, सप्तशृंगीच्या आईला नवस काय... जसं काही ते रक्त बघतंय, की अण्णा सुधारले, आता सोडा त्यांना! मार्केटात कुणी विचारलं तर छाती काढून सांगायचो, पहिला रिपोर्ट चुकलाय. आणि घरी एकटा असलो की पोटरी चाचपायचो.

परवा दुसरा रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, "तेच आहे, काका. आता नक्की." गाडीत बसतोय तोच चिमाजीचा फोन, "काय म्हने डॉक्टर, अण्णा?" सवयीनं तोंड उघडलं, "मला काय धाड..."

उज्वलानं फोनच काढून घेतला. म्हणाली, "भरलीय हो त्यांना! दोनदा तपासून घेतलीय!"