खुर्चीचा डावा हात

— नाही, तो फोन जरा लांब धरा, ताई, जवळचं मला दिसत नाही. हां. आता दिसलं. म्हणजे हा तुमचा हॉल, आणि हे टेबल तिथं जाऊन बसायचंय — असंच ना? बरं. बघू द्या जरा. घाई करू नका, मला बघायलाही वेळ लागतो आणि बोलायलाही. टेम्पोवाला कोपऱ्यावर चहाला गेलाय, तो काही लगेच येत नाही. बसा त्या स्टुलावर. पुसून बसा, पॉलिश लागेल.

सगळंच तपकिरी आहे हो. भिंत तपकिरी, पडदा तपकिरी, सोफा तपकिरी, उशी त्याहून जरा जास्त तपकिरी. चिखलात बसल्यासारखं. राग मानू नका. इंटिरियरवाल्यानं सांगितलं असेल — साधं, जुन्या वळणाचं, कुठं भपका नको. सांगणारच. पाठ असतं त्यांचं. पण साधं असं असतं का, ताई? ह्या कोपऱ्यात पितळेचं भांडं — काय ठेवता त्यात? काही नाही. त्या कोपऱ्यात दुसरं, त्यात वाळक्या काटक्या. छताला दिवे किती, सात? आणि हा कंदील, त्यात पण बल्बच. एकेक वस्तू ओरडून सांगतेय, बघा मी किती गप्प बसलेय. गालिचा एवढासा, पाय पुसायला टाकल्यासारखा. तसबिरी इतक्या वर की बघणाऱ्याची मान अवघडावी. आणि ही पुस्तकं — ही उलटी का लावलीत? नावाची बाजू भिंतीकडं? रंग जुळत नाहीत म्हणून? मग हवं ते पुस्तक सापडतं कसं? ... वाचायची नाहीतच ती. बरं. कळलं.

आणि हा बाक. हा बाक तर मला बघवतच नाही. ही झीज खोटी आहे, ताई. नवं लाकूड साखळीनं बडवलंय, खिळ्यानं किड्याची भोकं पाडलीत, वर काळा रंग चोळलाय. मला कसं कळलं? अहो, मागची कडही झिजवलीय त्यानं. भिंतीकडच्या बाजूनं कोण बसतं बाकावर? — मीही केलंय तसलं काम, एकदाच. चांगलं नवं कोरं कपाट दिवसभर बडवलं. लहान लेकराला काठी टेकत चालायला लावावं, तसं वाटलं.

पण बोलतो कुणाला मी! आमच्या घरी या तुम्ही, हीच गंमत दिसेल. मुलानं घेतलं तसं करून. इंटिरियरवाला आला, हाताची चौकट करून एका डोळ्यानं सगळीकडं बघितलं, मलाही बघितलं — मला वाटलं, आता हा म्हणतोय की म्हातारा जरा डावीकडं सरकवा. हॉलमध्ये एका मिशीवाल्या माणसाचा मोठा फोटो लावलाय, जुन्या कोरीव चौकटीत. मी विचारलं, कोण हो हे? मुलगा म्हणाला, माहीत नाही बाबा, चौकट छान होती. परका माणूस! कुणाचा तरी बाप असेल, सासरा असेल, कुणीतरी भंगारात घातला आणि आम्ही खिळा ठोकून वर चढवला. आणि आमच्या हिचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला. कारण तो रंगीत आहे. जुळत नाही. पाहुणे येतात, मिशीवाल्यांकडं बघून मला विचारतात, तुमचे वडील का? आधी आधी मी नाही म्हणायचो. आता हो म्हणतो. कोण समजावत बसणार.

असू द्या. टेबल बघू.

हे छान आहे. हे फार छान आहे. बनवणारा कारागीर होता, बघा, खणाच्या सांध्यात एक खिळा नाही. किती वर्षं झाली? चाळीस? जास्तच. बाबांचं ना? सांगू नका, ते काय करायचे ते मी सांगतो. ही पुढची कड इथं दबलीय, इथं आणि इथं, दोन मनगटं टेकायची. बारीक काम. हे बारके खड्डे, टोकदार हत्यार ठेवायचे इथं, रोज त्याच जागी. आणि ही खाच मुद्दाम पाडलीय, चाकूनं, काही गडगडत जाऊ नये म्हणून. घड्याळं. घड्याळं दुरुस्त करायचे. बरोबर? ... बघा! मला अक्षरं वाचायला त्रास पडतो, शाळा सुटली लवकर, पण हे वाचता येतं.

आता करत नाहीत काम? नुसते बसतात? बसू द्या की. आणि हा इथला गुळगुळीत डाग — चष्मा इथं ठेवतात, होय ना? नजर कमी झालीय म्हणता? मग हाताला ओळख असते, ताई. माणूस अंधारात आपल्या घरात जसा चालतो, तसा त्यांचा हात ह्या टेबलावर चालत असणार.

तर तुम्हाला काय हवंय, परत सांगा. हे खड्डे भरायचे. कड सरळ करायची, मशीन लावून. डाग घालवायचे, आणि सगळ्याला त्या सोफ्याचा रंग मारायचा. आणि मग — हे आत्ता म्हणालात ते मला नीट कळलं नाही — मग कोपरे जरासे खरवडायचे? जुनं दिसावं म्हणून?

म्हणजे खरं जुनं घासून काढायचं आणि वर खोटं जुनं चढवायचं. शी. ... माफ करा, तोंडातून गेलं. तुम्हाला नाही म्हटलं. तुम्ही कशाला वाईट असाल. बाबांचं टेबल अडगळीत न टाकता हॉलात मांडताय, म्हणजे जीव आहे तुमचा त्यांच्यावर.

कधीपर्यंत हवंय? रविवारी? का, रविवारी काय आहे?

... अच्छा. डोळ्याचं ऑपरेशन झालं, बहिणीकडं आहेत. रविवारी घरी येणार. त्यांना माहीत नाही. सरप्राइज.

हं.

मी जरा बसतो, ताई. ऐका. आमच्या हिची एक खुर्ची होती, मीच करून दिलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. साधी, दोन हातांची. ही बसली की डावा अंगठा खुर्चीच्या हातावर फिरवत राहायची. सवय. शेंगा सोलताना थांबली तरी फिरव, मुलाला यायला उशीर झाला तरी फिरव. मी ओरडायचो, अगं, पॉलिश जातंय माझं! ती म्हणायची, तुमचं पॉलिश माझ्यासाठी की मी तुमच्या पॉलिशसाठी? तेहतीस वर्षं. अंगठ्याएवढी वाटी पडली होती लाकडात. काळसर, तुकतुकीत. असं पॉलिश मला एकदाही जमलं नाही.

मग ही मुलीच्या बाळंतपणाला गेली दोन महिने, आणि इकडं मुलानं घर करायला काढलं. म्हणाला, आल्यावर बघू दे की आईला, कशी चकित होते. सूनबाई एवढंच म्हणाली, बाबा, ही खुर्ची तेवढी कळकट दिसते. एवढंच. तिचा काही दोष नाही, मी आजवर कुणालाही सांगितलं नाही की तिचा दोष. काचपेपर मी घेतला हातात. मला — मला दाखवायचं होतं त्यांना. त्या इंटिरियरवाल्याला दाखवायचं होतं की म्हाताऱ्याला काय येतं. दोन दिवस घासत होतो. खुर्चीचे दोन्ही हात एका पातळीत आणले, लाखेचे बारा थर दिले, बोळा फिरवून फिरवून खांदा गेला माझा. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम, ताई. तोंड दिसायचं त्यात.

ही आली. घर बघितलं, छान म्हणाली. खुर्चीत बसली. आणि तिचा अंगठा गेला तिथं. थांबला. पुढं गेला, मागं आला, मग तिनं हात उचलून मांडीवर ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. मला म्हणाली, आता हात कुठं ठेवू हो मी? — हसत म्हणाली. पाहुण्याच्या घरी हसतात ना, तसं.

परत बसली नाही त्या खुर्चीत. पलंगाच्या कडेला बसायची. पुढच्याच वर्षी गेली. खुर्ची आहे, हॉलात, मिशीवाल्यांच्या खाली. तिच्यावर कुणी बसायचं नाही, नुसती शोभेला आहे. मी जाता-येता अंगठा फिरवतो. त्याला काय होतंय. तेहतीस वर्षं कुठून आणू मी?

मला वीट आलाय ह्या सगळ्याचा. तुमच्या हॉलाचा नाही. माझ्या ह्या हातांचा.

नाही करणार मी हे टेबल. दुसरीकडं नेलंत तर करून देतील, सुंदर करून देतील, रविवारच्या आत देतील. माझं काही म्हणणं नाही. पण जाण्याआधी तुमचा हात द्या इकडं. इथं, कडेवर ठेवा, मनगट टेकवा. आता दुसरं. डोळे मिटा. ... लागतंय हाताला, दबलेलं?

हं.

तसंच घरी नेता? न्या. टेम्पोवाला आला बघा. ती बाजू तुम्ही धरा, ही मी धरतो, खण बाहेर येईल तेवढा सांभाळा. — अहो, तो फोन ठेवा आधी पर्समध्ये. दोन्ही हात लागतात ह्याला.