पाठवायचं राहिलेलं पत्र

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिक्षिकेची दाढ हसलं की ठणकायची, आणि शेजारी नेमकं लॅपटॉप उघडून बसलेलं आजी-आजोबांचं जोडपं.

“अहो, बंद करा ना ते. आत्ता नंबर येईल आपला.”

“होतच नाहीये! अपडेट केल्यापासून ईमेल बंद करायला गेलं की विचारतं, ‘एक पत्र पाठवायचं राहिलंय, पाठवू का?’”

“मग नाही म्हणा.”

“दहादा म्हटलं. तरी पुन्हा तेच. अगदी तुझ्यासारखं!”

“कुणाला लिहिलंय?”

“असेल कुणाला तरी. जुनंपुराणं आहे.”

“द्या बघू इकडे. अगंबाई, मला? ‘बहिणीकडून परत ये. चूक माझीच होती.’ अहो, बारा वर्षं झाली याला!”

“पाठवणार, तेवढ्यात तूच दारात हजर. म्हटलं, आता कशाला उगाच कबुली द्या?”

“आणि मी मेली बारा वर्षं स्वतःलाच दोष देतेय! दाबा ते बटण!”

आजींच्या पिशवीत फोन टुणकन वाजला. शिक्षिकेने गाल दोन्ही हातांनी धरला.

“झालं गं बंद एकदाचं!”

“उघडा परत. मला उत्तर लिहायचंय.”