मिशीची पैज

सलूनवाला : मान हलवू नकोस. एक कल्ला वर गेलाय, आता दुसरा त्याच्यापर्यंत न्यावा लागेल.

किल्लीवाला : दर वेळी हेच करतोस. एक दिवस माझे दोन्ही कल्ले डोक्यावर जाऊन भेटतील. ते सोड. मी काय म्हणालो? माणूस बदलत नाही.

सलूनवाला : बदलतो. आपल्या मावशीच बघ ना. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी जिभेवर उपदेश केला, तेव्हा रुमाल धरून बसल्या होत्या बिचाऱ्या.

किल्लीवाला : रुमाल डोळ्यांना नव्हता, तोंडाला होता. आडून शेजारणीला काहीतरी सांगत होत्या.

सलूनवाला : उगाच काहीतरी. मला स्वतः म्हणाल्या, यापुढे इकडची गोष्ट तिकडे करणार नाही.

किल्लीवाला : आणि हे आणखी कुणाकुणाला सांगितलं त्यांनी?

सलूनवाला : सगळ्यांना.

किल्लीवाला : झालं तर. अख्खी गल्ली त्यांना भोंगा म्हणते ते काय लाडानं? वर चर्चमध्ये त्यांची आयती सोय आहे. कुणाच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही ते सगळं सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘प्रार्थनेसाठी सांगते हं.’ माझा गुडघा दुखत होता ते आठवतंय?

सलूनवाला : आठवतंय.

किल्लीवाला : मी म्हटलं, मावशी, जरा प्रार्थना करा. गुडघा चार घरं पुढे जाईपर्यंत माझा पाय कापून झाला होता. पाळकसाहेब चाकांची खुर्ची घेऊन दारात.

सलूनवाला : परत का नाही केलीस ती?

किल्लीवाला : दुकानात बसायला बरी पडते. लाव पैज. मी मावशींना एक गोष्ट सांगतो. फक्त त्यांना, फक्त प्रार्थनेसाठी. रविवारची उपासना संपायच्या आत ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून माझ्या कानावर आली, तर मी जिंकलो.

सलूनवाला : आणि नाही आली तर?

किल्लीवाला : येणार.

सलूनवाला : नाही आली तर मिशी.

किल्लीवाला : कुणाची?

सलूनवाला : माझी आहे का? तुझी. चर्चच्या अंगणात, सगळ्यांसमोर खुर्चीत बसवून साफ. किती दिवसांपासून हात शिवशिवतायत माझे. ती मिशी आहे की दाराला लावलेला पडदा? आत कोणी आहे की नाही तेच कळत नाही.

किल्लीवाला : बरं. मी जिंकलो तर तुझी एक भुवई.

सलूनवाला : एकच?

किल्लीवाला : दोन्ही काढल्या तर नेमकं काय गेलंय ते लोकांच्या लक्षात येत नाही. एक काढली की लगेच येतं.

सलूनवाला : मान्य. पण दुसऱ्या कुणाची अब्रू मध्ये आणायची नाही, आधीच सांगतो.

किल्लीवाला : माझीच आणतो. सांगतो की, बायको गेल्यापासून मी प्रार्थनाच करत नाही. चर्चमध्ये नुसता उभा राहतो. गीत चालू झालं की पुस्तक धरतो, पण मिशीखाली तोंड बंद.

सलूनवाला : हॅ! चर्चची किल्ली तुझ्या खिशात, दर रविवारी दार तू उघडतोस, दुसऱ्या बाकावर तू बसतोस. कोण विश्वास ठेवणार?

किल्लीवाला : म्हणून तर पसरेल. गुडघा एकदा वापरून झालाय.

सलूनवाला : कुठून सुचतं रे तुला असलं?

किल्लीवाला : सुचलं आपलं. तू कल्ल्याकडे लक्ष दे.

*

मावशी : दुकानात कोणी आहे का? हे कुलूप बघ रे जरा. किल्ली आत जाते, फिरते, पण उघडत नाही. आणि काय घेणार ते आधी सांग, मागच्या वेळेसारखं नको.

किल्लीवाला : या मावशी. बसा या खुर्चीत. थांबा, चाकं धरतो.

मावशी : ही पाळकसाहेबांनी दिलेली ना? मग पाय?

किल्लीवाला : आहेत, दोन्ही आहेत. मावशी, एक बोलायचं होतं. कुणाला सांगायचं नाही हं. फक्त प्रार्थनेसाठी.

मावशी : थांब, चष्मा लावते.

किल्लीवाला : ऐकायला चष्मा?

मावशी : त्याच्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही. हं, बोल.

किल्लीवाला : ती गेल्यापासून मी प्रार्थना केलेली नाही. ऐकताय ना?

मावशी : ऐकतेय. करत नाहीस, की येत नाही?

किल्लीवाला : एकच की ते.

मावशी : एक नाही.

किल्लीवाला : बरं, येत नाही. म्हणजे सुरुवात करतो मी. शब्द सगळे पाठ आहेत, लहानपणापासूनचे. पण हे तुमचं कुलूप आहे ना, तसं होतं. किल्ली फिरते, खटका पडत नाही. मग वाटतं, पलीकडे कोणी नाहीच. नाहीतर आहे, आणि मुद्दाम उघडत नाहीये. दर रविवारी सगळ्यांना दार उघडून देतो आणि स्वतः... जाऊ दे. असं आहे. प्रार्थनेसाठी.

मावशी : शेवटची कधी केली होतीस?

किल्लीवाला : दवाखान्याच्या जिन्यात.

मावशी : काय मागितलं होतंस?

किल्लीवाला : काय मागणार, मावशी?

मावशी : हं.

किल्लीवाला : पण कुणाला सांगू नका हं. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या ताईंना तर मुळीच नको. आणि दूधवाल्याला नको, तो सगळीकडे जातो. सकाळी लवकर निघतो म्हणे.

मावशी : बरं. मी जाते.

किल्लीवाला : अहो, कुलपाचं काय? पैसे किती ते विचारत होतात ना?

मावशी : घे तुला वाटतील ते.

किल्लीवाला : मावशी? घासाघीस न करताच चाललात? बरं वाटतंय ना तुम्हाला?

*

सलूनवाला : शनिवार संपत आला. आरशात बघ, भुवया दोन्ही जागेवर आहेत.

किल्लीवाला : काहीतरी गडबड आहे. दूधवाल्याला थांबवून विचारलं, माझ्याबद्दल काही ऐकलंस का? म्हणाला, काय ऐकायचं होतं? कॉयरच्या ताईंसमोर जाऊन उसासे टाकले.

सलूनवाला : मग?

किल्लीवाला : खोकल्याचं औषध दिलं त्यांनी. कडू होतं.

सलूनवाला : मी सांगत नव्हतो? बदलल्या मावशी.

किल्लीवाला : बदलल्या? तू केसांना काळा रंग लावतोस, हे गल्लीभर कुणी केलं?

सलूनवाला : कोण म्हणतं मी रंग लावतो?

किल्लीवाला : दूधवाला. प्रार्थनेसाठी.

सलूनवाला : अरे, मी विश्वासानं सांगितलं होतं त्यांना! डोक्याला खाज सुटते म्हणून!

किल्लीवाला : खाजेचंही आलंय त्यात. म्हणजे भोंगा चालू आहे. फक्त माझ्याच गोष्टीला बंद आहे. का?

सलूनवाला : विसरल्या असतील.

किल्लीवाला : मावशी? माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी कसा भोकाड पसरून रडलो होतो, ते अजून नक्कल करून दाखवतात.

सलूनवाला : अरे पण तू एवढा का घायकुतीला आलायस? मिशी काय, महिन्याभरात परत येईल.

किल्लीवाला : मला वाटलं होतं, कोणीतरी येईल आणि विचारेल.

सलूनवाला : काय विचारेल?

किल्लीवाला : हेच की, खरं आहे का रे?

सलूनवाला : मग तू काय सांगणार होतास?

किल्लीवाला : नाही म्हणणार होतो. चांगलं ठणकावून.

सलूनवाला : मग मी विचारतो. खरं आहे का रे?

किल्लीवाला : तुझं गिऱ्हाईक आलंय बघ.

*

मावशी : उघड ना दार. चर्चच्या पायरीवर किती वेळ उभी करणार? गुडघे दुखतायत माझे.

किल्लीवाला : आधी मला एक सांगा. मी दुकानात जे बोललो, ते तुम्ही कुणालाच कसं सांगितलं नाहीत?

मावशी : तूच म्हणालास ना, सांगू नका?

किल्लीवाला : लोक तसं नेहमीच म्हणतात! सलूनवाल्यानंही सांगितलं होतं!

मावशी : त्याचं हलकं होतं रे. हातात घेऊन चार घरं फिरता येतं. तुझं जड निघालं. ते घेऊन कुठे जाता येईना, गुडघेच टेकावे लागले. म्हणून तर दुखतायत.

किल्लीवाला : मावशी, अहो, ती पैज होती. गंमत. खोटं होतं सगळं.

मावशी : पैज होती ते कळलं मला. कुणाला सांगू नका म्हणून दूधवाल्याची निघायची वेळ कोण सांगतं? पण गोष्ट खोटी नव्हती. थापा मारताना तू माणसाच्या डोळ्यांत बघतोस. त्या दिवशी कुलपाकडे बघत होतास.

किल्लीवाला : काहीतरीच.

मावशी : आणि मला ते आधीच माहीत होतं. मी तुझ्या मागच्या बाकावर बसते. पुढून तुझी मिशी दिसते, मागून कान दिसतात. गाताना माणसाचे कान हलतात. ती होती तेव्हा तुझेही हलायचे. बेसूर होतास, पण हलायचे.

किल्लीवाला : कधीपासून माहीत होतं?

मावशी : तिला पोचवून आलो, त्याच्या पुढच्या रविवारपासून.

किल्लीवाला : आणि इतके दिवस कुणालाच सांगितलं नाहीत? तुम्ही?

मावशी : देवाला सांगितलं. त्याला ठाऊकच असणार म्हणा, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

किल्लीवाला : मग? काय म्हणाला तो?

मावशी : मला नाही काही म्हणत. माझ्या पोटात काही राहत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

किल्लीवाला : मावशी, मी थट्टा करत होतो तुमची. तुम्हाला राग नाही आला?

मावशी : आला ना. माझ्यावर पैज लावलीस आणि पणाला काय, तर मिशी! काल वस्तऱ्याला धार लावताना सलूनवाल्याच्या तोंडून निसटलं. मी एवढी स्वस्त? पण मग विचार केला, या माणसाला खरं बोलायला पैज लावावी लागली. गेला मग राग.

किल्लीवाला : दोन-तीनदा ठरवलं होतं मी, किल्ली पाळकसाहेबांना परत द्यावी. विश्वास नसलेल्या माणसानं दार कशाला उघडायचं?

मावशी : ऐक. प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण ‘मला’ म्हणतो का? ‘आम्हाला’ म्हणतो. का म्हणतो? कधी एखाद्याला नाही जमत, म्हणून. मी रोज माझी म्हणते आणि मग तुझ्या वाटची म्हणते. तुझी राहिलेली नाही. तुला जमायला लागलं की सांग, माझ्या गुडघ्यांना सुट्टी.

किल्लीवाला : आणि नाहीच जमलं तर?

मावशी : तर दार उघडत जा. तेही कोणीतरी करायलाच हवं ना? आत्ता उघड. आणि तोंड पूस, मिशी ओली झालीय.

*

(चर्चचं अंगण. उपासना सुटली आहे. मधोमध चाकांची खुर्ची, खुर्चीत किल्लीवाला, गळ्याभोवती सलूनमधला पांढरा कपडा. भोवती मंडळी.)

सलूनवाला : टेक मान मागे. चाकांखाली विटा लावल्यात.

किल्लीवाला : किती लोक थांबलेत?

सलूनवाला : सगळे. पाळकसाहेब सोडून. नाही, तेही आले. खुर्ची ओळखली त्यांनी.

किल्लीवाला : काही म्हणतायत?

सलूनवाला : काही नाही. तुझे पाय मोजतायत.

मावशी : अहो ताई, पैज हरलाय तो, एवढंच. कसली पैज? ते नाही सांगणार. नाही म्हणजे नाही. प्रार्थनेसाठीसुद्धा नाही.

सलूनवाला : बाप रे. सगळं अंगण गप्प झालं. कॉयरच्या ताई खालीच बसल्या.

किल्लीवाला : तू आटप लवकर.

सलूनवाला : घाई करू नकोस, या दिवसाची फार वाट बघितलीय मी. हं, फेस लागला. ही गेली उजवी बाजू. अरे वा! तुला ओठ आहे की!

मावशी : आईवर गेलाय ओठ.

किल्लीवाला : गार लागतंय.

सलूनवाला : हे काय, कॉयरनं पुन्हा गीत कशाला सुरू केलं? शेवटचं झालं ना मघाशी?

मावशी : मी सांगितलं. म्हटलं, नुसतं बघत काय उभे राहता, म्हणा काहीतरी. याच्या बायकोला आवडायचं ते म्हणा.

किल्लीवाला : मावशी...

मावशी : एवढंच सांगितलं रे. बाकी काही नाही.

सलूनवाला : आता डावी बाजू. ओठ हलवू नकोस, कापेल. अरे, मी काय सांगतोय? काय पुटपुटतोयस? मावशी, तुम्ही तरी सांगा याला. हे बघा, कानसुद्धा हलतायत याचे!

मावशी : वस्तरा बाजूला घे.

सलूनवाला : अहो, अर्धी राहिलीय! फेस वाळून जाईल.

मावशी : वाळू दे. पुन्हा लाव.