तात्यांच्या घड्याळाचा मीना

मी मूळचा बारामतीचाच. बाप स्टोव्ह, कंदील, कुलपं दुरुस्त करायचा. मला घड्याळाचा नाद कुठनं लागला अल्लालाच ठावं, पर पुण्याला एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्सं काढली आन् परत येऊन पेठंत दुकान टाकलं. दुकान कसलं, एक फळी, एक काचंची पेटी आन् मी. गजराची घड्याळं यायची, वालचंदनगरच्या क्वार्टरातनं लंबकाची यायची. जागा व्हती बावड्याच्या तात्यांची. बागाईतदार माणूस, ऊस, केळी, बारामतीत दोन-चार गाळं.

तर ह्या तात्यांकडं एक इंग्रजी घड्याळ व्हतं, खिशातलं. कालव्याचं काम चाललं व्हतं तवा एक गोरा इंजिनेर त्यांच्या बापाच्या मळ्यात उतरायचा, त्यो जाताना देऊन गेला. काय सांगू तुमास्नी, असलं घड्याळ मी उस्तादाकडं सुदा बघितलं न्हवतं. सोन्याचं, बारक्या किल्लीनं चावी द्यायचं, आन् पाठीवर मीना, म्हंजी सोन्यावर भाजून बसवल्याली रंगीत काच, निळा, जवसाच्या फुलाचा असतो ना तसला निळा, त्यात गुलाबी फुलांचा झुबका, एकेक पाकळी केसाएवढ्या कुंचल्यानं काढल्याली. आत उघडलं तर यंत्रावर बी येलबुट्टी कोरल्याली, जी मालकाला कदी दिसायची न्हाय, दिसली तर माझ्यासारख्या एखाद्याला. तात्या हरसाल यष्टीनं सोता घेऊन यायचे, समोर बसून साफ करून घ्यायचे. म्हणायचे, अमीन, तेल घाल पर फुंकर मारू नगं, तुझ्या तोंडाला तंबाकूचा वास येतो. बोलणं असं, पर माणूस चांगला. कदी गाळा खाली कर म्हणलं न्हाय.

तात्यांना दोन ल्योक, थोरलं रघुनाथराव, धाकटं माधवराव, आन् एक लेक, गंगूताई, जळोचीला दिल्याली. तात्या अंथरुणाला खिळले तवा सुना नाकाला पदर लावायच्या, खोटं कशाला बोलू, मी डोळ्यानं बघितलंय. गंगूताई आपलं घरदार सोडून आली, सा महिने बापाचं समदं तिनं काढलं. तात्यांनी समद्यांच्या म्होरं सांगितलं, घड्याळ गंगूचं.

तात्या गेले. मंग भावांनी तिला म्हणलं, जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही कर. ती म्हणाली, मला वावर नगं, घर नगं, तात्यांचं घड्याळ तेवढं द्या. देतो की, म्हणले. इंदापूरला कचेरीत नेऊन सही घेतली. आन् सही झाल्यावर घड्याळ काय दिलं न्हाय. आज देतो, उद्या देतो. सोनं हाय म्हणल्यावर थोरल्याला बी पायजे, धाकट्याला बी पायजे.

एके दिवशी मला सांगावा आला, हत्यारं घेऊन बावड्याला या. मला वाटलं, ताईला द्यायच्या आदी साफ करून घ्यायचं असंल. गेलो तर वसरीवर दोगं भाऊ बसल्यालं, मधी सोनं तोलायचा तराजू. सोनाराचा धाकट्याला इस्वास न्हवता, म्हणून घरातच वाटणी. घड्याळाची सोन्याची डबी धाकट्याला, तिची साखळी थोरल्याला. मला म्हणले, अमीनभाई, आतलं यंत्र काढा. काढलं. मंग धाकटं म्हणतंय, तो मीना बी काढा, ती काच हाय, काचंचं वजन सोन्यात कशाला धरायचं.

मी हत्यार खाली ठेवलं. म्हणलं, माधवराव, हे फोडलं तर परत कुणाच्या हातनं हुयाचं न्हाय. तर थोरलं हसलं. म्हणलं, अमीनभाई, गाळा कुणाचा हाय?

बास. तेवढंच बोललं.

आन् मी काढला. मी, ह्या हातांनी. बारीक छिन्नी लावायची, वर हळू टिचकी मारायची, निळं टवकं उडायचं, धोतरावर, चटईवर, एक थोरल्याच्या चहाच्या कपात पडला तर त्यानं बोटानं काढून टाकला आन् चहा पिला. तशी किळस मला आजपातूर कशाची आली न्हाय. घाण मी लई बघितली, पर ही घाण धुतल्याल्या कपड्यातली व्हती.

तेवढ्यात गंगूताई आली, जळोचीवरनं, घड्याळ मागायलाच आल्याली. भावांकडं तिनं बघितलं सुदा न्हाय. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, अमीनभाई, तुमी तर हरसाल त्यात तेल घालत व्हता. आन् उलट्या पावली गेली.

आता पुढचं ऐका. आतलं यंत्र पितळंचं, ते कुणालाच नगं. थोरलं म्हणलं, अमीनभाई, ते तुमी न्या, मजुरी समजा. आन् मी घेतलं. यष्टीची वाट बघताना रस्त्याच्या कडंला भडाभडा वकलो.

दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून जळोचीला गेलो. गंगूताईनं बसाया टाकलं, पाणी दिलं. म्या रुमाल सोडला, म्हणलं ताई, तात्यांचं हे तेवढं ऱ्हायलंय, चालतंय अजून. तिनं हात लावला न्हाय. शांतपणी म्हणाली, भाई, ती तुमची मजुरी हाय, तुमीच ठेवा.

रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हैनाभरात मी गाळा सोडला. कुणी काढलं न्हाय, मीच सोडला. पेठंत कडंला एक खोकं टाकून, वर छत्री लावून बसलो, आन् बघा, गिऱ्हाईक तितं बी आलं, पोरं शिकली, लेकी नांदाया गेल्या. मंग रातंदिस एकच डोस्क्यात, गाळा सोडायचाच व्हता तर त्या दिवशी वसरीवरच का सोडला न्हाय? नगं तुमचा गाळा, म्हणून हत्यारं गोळा करून उठलो असतो. उठलो न्हाय.

गंगूताई आता न्हाय. तिची नातवंडं गावात दिसली की मी मनातल्या मनात दुवा देतो, सुखात ऱ्हावा म्हणतो. भावांचं मी काय सांगू, त्यांच्यावर थुकायला बी मला त्वांड न्हाय. हात थरथरत्यात हल्ली, बारीक काम जमत न्हाय, पोरगा म्हणतो, अब्बा, वाईट वाटतं का? म्हणलं, न्हाय रं. बरं झालं.