तपासणीच्या आदल्या दिवशी

"दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडलं तर पडू द्यावं, बाळा, पण मध्ये तोंड घालू नये." शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना आपल्या आईचा तो जुना, मऊ आवाज बसथांब्यावर आठवला, कारण बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मास्तरीण आणि तिचा सरकारी तपासनीस मामा हळू आवाजात भांडत होते.

"मामा, उद्या आमच्या शाळेबद्दल खरं लिही."

"कॉम्प्युटर आहेत, खोली आहे, शिकवायला तू आहेस. देश आयटीला तयार आहे असं अहवालात लिहायला आणखी काय लागतं?"

"कॉम्प्युटर आल्यापासून खोक्यातच आहेत. वीजच नाही. उंदीर तेवढे आत जाऊन शिकून आले."

"येईल गं वीज."

"तोवर शाळा संपवून मुलं कॉम्प्युटरवरच्या नोकरीच्या परीक्षेला जातात आणि मान खाली घालून परत येतात."

"तयार नाही असं लिहिलं तर आहे ती मदतही बंद होईल. तुझी नोकरी जाईल. ताईला मी काय तोंड दाखवू?"

"जाऊ दे नोकरी."

"वेडी आहेस. कॉम्प्युटरच्या वर्गात पहिली आलेली तू. वीज आली की तुझ्या हाताखाली पोरं भराभर शिकतील."

बस आली, थांबली, निघून गेली. दोघांपैकी कुणी उठलं नाही. बाईही उठल्या नाहीत.

"मामा, आमच्या कॉलेजातही वीज नव्हती. पुठ्ठ्यावर कीबोर्डची अक्षरं काढून त्यावर बोटं फिरवायचो. मी पहिली आले ती त्या पुठ्ठ्यावर. चालू कॉम्प्युटरला मी अजून हात लावलेला नाही."