आधी वायपर, मग बघू

ती: बोला, आता पुढे काय उचलायचं?

तो: काचेवरचा दांडा सरळ उभा कर. आणि आधी खाली टॉवेल घाल. दांडा सुटून आपटला तर काच तडकते.

ती: टॉवेल आणलाय. तुमचाच आहे, अंघोळीचा.

तो: उत्तम. मी आजपासून पायपुसण्याने अंग पुसतो.

ती: चालेल. जरा बदल हवाच माणसाला. डॉक्टरही म्हणालेत, यांना घराबाहेर काढा.

तो: घराबाहेर काढा म्हणालेत, दरीत ढकला नाही म्हणाले. गाडी कोण चालवणार ते त्यांना सांगितलं नसशील.

ती: सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हा दवाखान्यात मीच नेलं होतं या गाडीतून. तेव्हा तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

तो: तेव्हा माझी वाचा गेली होती.

ती: हो. तीन दिवस. काय शांतता होती.

तो: आता खुर्चीतून बोलता येतंय, तर ऐक. पात्याच्या मधोमध एक खटका आहे. तो दाब आणि पातं खाली ओढ.

ती: निघालं. अगंबाई, रबराच्या पार चिंध्या झाल्यात.

तो: म्हणूनच सांगत होतो. असल्या वायपरवर लेकीकडचा दोन तासांचा रस्ता, तोही पावसात. आधी सुरक्षितता.

ती: हो ना. मागच्या महिन्यात तुमची सुरक्षितता टायरमध्ये होती. टायर बदलून आणले, तर ती बॅटरीत जाऊन बसली. नवी बॅटरी घातली, तर आता काचेवर चढलीये. नात दोन महिन्यांची झाली, आजोबांनी तिला अजून फोनवरच पाहिलंय. असंच चाललं तर तीच गाडी शिकून आपल्याला न्यायला येईल.

तो: तिला तरी नीट चालवता येईल.

ती: काल लेक विचारत होती, बाबा माझ्यावर रागावलेत का. म्हटलं, तुझ्यावर नाही गं, बॅटरीवर.

तो: नवं पातं घे. लांब आहे ते चालवणाऱ्याच्या बाजूला, आखूड दुसऱ्या बाजूला.

ती: म्हणजे लांब माझ्या बाजूला.

तो: चालवणाऱ्याच्या.

ती: तेच म्हणतेय मी. या रबरावर पिवळं प्लास्टिक आहे. काढू?

तो: अजिबात नको. संरक्षणासाठी असतं ते. बनवणारे काय वेडे आहेत?

ती: राहिलं. हे टक् करून बसलं. आणि हे दुसरं. पुढे?

तो: टॉवेल काढ, दांडे हळूच खाली ठेव, काचेवर पाणी मार आणि चालू कर.

(वायपर काचेवरून खरडत जातात आणि परत येतात. पाणी जागच्या जागी.)

तो: नवीन आहेत. रुळायला वेळ लागतो.

ती: रुळायला त्या काय नव्या सुना आहेत? प्लास्टिक आहे मध्ये. ते काढून टाकायचं असतं. इथे पाकिटावर चित्रसुद्धा आहे.

तो: हल्लीच्या पात्यांना असेल. मी बदलायचो तेव्हा असलं काही नव्हतं.

ती: तुम्ही कधी बदललेत?

तो: दर वर्षी. रविवारी सकाळी. विसरलीस?

ती: विसरेन कशी? जुना शर्ट घालून जायचात आणि दोन तासांनी हात काळे करून यायचात. गॅरेजवाल्याने मला दुसऱ्याच वर्षी सांगितलं. म्हणाला, पाती मी बदलतो, साहेब तोवर चहा पितात, पेपर वाचतात, आणि निघताना ग्रीसच्या डब्यात बोटं बुडवतात.

तो: त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ती: वायपरला ग्रीस लागत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

तो: इतकी वर्षं माहीत होतं, तर बोलली का नाहीस?

ती: तुम्ही एवढी मेहनत घेत होतात. हात धुवायलाच वीस मिनिटं लागायची. म्हटलं, असू दे, हौस आहे.

तो: कारखान्यात तपासणी खात्यात तीस वर्षं काढली. हाताखाली चाळीस माणसं होती. आणि घरी येऊन बायकोला सांगायचं, मला एक पातं बदलता येत नाही म्हणून?

ती: आता मला येतं. काढलं बघा प्लास्टिक. काच कशी लख्ख झाली. हं, आता पुढचं कारण सांगा. हॉर्न का? की आरसे वाकडे आहेत?

तो: काही नाही.

ती: काही नाही काय? लाजू नका. आहे अजून अख्खी गाडी शिल्लक.

तो: पट्टा.

ती: इंजिनाचा? तोही बदलायचा?

तो: सीटचा. मला तो लावता येत नाही.

ती: कधी बघितलंत?

तो: तू चष्म्याचा नंबर काढायला गेली होतीस तेव्हा. तुझ्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. डाव्या हाताने पट्टा ओढता येतो, पण उजव्या हाताने तो आत अडकवता येत नाही. बोटं ऐकतच नाहीत. अर्धा तास बसलो होतो.

ती: मला सांगायचंत ना.

तो: सांगितलं असतं तर तू लावला असतास.

ती: मग बिघडलं काय?

तो: परत निघताना लेक दारात उभी असणार, हातात बाळ. आणि दोघींच्या समोर तू मला पार्सलसारखं बांधणार. लाज वाटते गं मला.

ती: त्याच लेकीने दवाखान्यात तुम्हाला चमच्याने पेज भरवलीये. पाचवा महिना होता तिला. तुम्हाला आठवत नसेल.

तो: आठवतं. म्हणून तर.

ती: दोनदा बॅग भरली मी. म्हटलं, एकटी जाऊन येते. दोन्ही वेळा रिकामी केली. तुमच्याशिवाय त्या पोरीला मांडीवर घ्यायला मन होत नाही माझं. आता शिव्या द्या हवं तर.

तो: शिव्या कशाला देऊ?

ती: मग या, बसा आत. इथे लेक नाही, नात नाही. एकदा लावून बघू.

तो: समोरच्या गॅलरीत कुणी आहे?

ती: नाही.

तो: खोटं बोलतेस.

ती: हो. हात वर घ्या.